मऊ तोंड

आणायला शिकवायच्या आधी
न आणणं शिकवायचं, मामा म्हणायचा.
भुसा भरलेला मोजा हवेत, टोकाला पारव्याचं पीस,
आणि तूर बसलेली, शेपूट मातीत दाबून.
सगळं अंग धावतंय, फक्त ती जागेवर.
मामा मनात आकडे मोजायचा, कधी सात, कधी चाळीस.
तिला अंदाज येऊ नये म्हणून.

तुरीच्या डाळीचा रंग, म्हणून तूर.
आम्ही तिघं स्कूटरवर, लहवितच्या बाजूला, दारणाकाठी.
द्राक्षबागांतून गंधकाचा वास,
पलीकडच्या माळावर तोफखान्याचा सराव.
'आवाज फुकट मिळतोय आपल्याला,
साहेब लोक याच्यासाठी काडतुसं जाळायचे.'
दर धडाक्याला तिला चिमूटभर चिवडा.
महिन्याभरात तोफ वाजली की तुरीला लाळ सुटायची.

इमानुएल साळवे, घर शरणपूरला.
नावातलं इमान कुत्र्यांना वाटून टाकलं,
उरलेला माझ्या वाट्याला, असं एस्तेर मामी म्हणायची.
पोरगा असताना कॅम्पातल्या एका सुभेदाराच्या हाताखाली
तो हे सगळं शिकला.
बहात्तर साली नदी आटली, त्याच साली कायदा आला.
बंदुका कपाटात गेल्या, मग कपाटंही गेली.
मामानं कुत्री शिकवणं सोडलं नाही.
कोणी विचारलं, आता आणायचं तरी काय,
तर म्हणायचा, 'आणणं.'

मग अंडं.
कच्चं, तिच्या जिभेवर ठेवायचं आणि अंगणाला एक चक्कर.
अकरा फुटली.
मामीनं कोळशानं भिंतीवर रेघा ओढल्या.
बारावं परत आलं, ओलं, कोमट, अख्खं.
मामानं ते कानाला लावलं.
का, ते मी विचारलं नाही.

कान पिळायचा नाही, एवढा एकच नियम.
सुभेदारानं ज्यूलीचा पिळला होता, रोज, दातांत लाकूड येईपर्यंत.
ज्यूली काहीही आणायची, कुठूनही, कधीही.
आणून ठेवायची आणि दुसरीकडे बघायची.
'तेवढं भरवशाचं कुत्रं मी पुन्हा पाहिलं नाही,'
असं बोलून मामा चिवड्यातले शेंगदाणे निवडत बसला.

जानेवारीतली संध्याकाळ, बंधाऱ्याखाली.
मी मोजा फेकला, लव्हाळ्याच्या पार.
चाळीस. जा.
पाण्यावर डोकं, मग डोकं नाही, मग लव्हाळं हललं.
ती आली तेव्हा तोंडात मोजा नव्हता.
थापट्या होता, जिवंत.
पायात नायलॉनच्या जाळ्याचा गुंता,
एक पंख भलत्याच बाजूला.
तूर बसली, मान वर केली,
मामाच्या हाताशी धरला, शिकवल्याप्रमाणे.

आणि मामाचा हात गेला.
अंगठा मानेखाली, दोन बोटं डोक्यामागे,
मनगट वळायला निघालेलं, सावकाश,
आपण नळ बंद करतो तसं.
त्या हाताला कोणी बहात्तरचं सांगितलंच नव्हतं.

मी पाहिलं.
त्यानंही पाहिलं, स्वतःच्याच हाताकडे,
शेजाऱ्याचं कुत्रं आवारात शिरल्यासारखं.
'थांब,' तो म्हणाला.
तूर तर बसलेलीच होती.

मग पक्षी माझ्या ओंजळीत.
'अंड्यासारखा धर. नाही, आणखी सैल.'
चपटी चोच उघडी, आवाज काहीच नाही,
माझ्या करंगळीखाली काहीतरी फार जोरात धावत होतं.

नाशिकरोडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू.
घरी मामानं साबणानं दोनदा हात धुतले,
जेवताना डावा मांडीखाली दाबून बसला.
तूर दाराशी, ओली, कान टवकारलेले.
मोजा अजून पाण्यात होता
आणि 'झालं' असं
तिला कोणी म्हटलं नव्हतं.